तळमजला धरून

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.१५

ठरलं. म्हणजे जाहीर पुढच्या रविवारी होईल, पण ठरल्यातच जमा.

नाताळच्या उपासनेत तरुण संघापैकी एकजण साक्ष देतो. विषय दरवर्षी तोच: 'नाताळ म्हणजे माझ्यासाठी काय'. पाच मिनिटं. (धाकट्या बहिणीच्या एका मैत्रिणीला वाटलं, साक्ष म्हणजे कोर्टातली. चर्चमधली साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं, हे तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी ती म्हणाली, म्हणजे खरं बोलायचं हे दोन्हीकडे सारखंच ना.)

मागच्या वर्षी मला डावललं. त्याच्या मागच्या वर्षीही. पण जूनमध्ये मला तीस पूर्ण होतात आणि तिशीला तरुण संघातून माणूस आपोआप बाहेर. म्हणजे हा माझा शेवटचा नाताळ. तरुण म्हणून. पाळकसाहेबांना हे मी सहज म्हणून चार वेळा सांगितलंय. आज उपासनेनंतर त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. तसं पाहिलं तर हेच उत्तर.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी, दुकान उघडण्याआधी

साक्ष लिहून झाली. अकरा पानं. सुरुवात: 'नाताळ म्हणजे त्याग. नाताळ म्हणजे नम्रता.' नम्रतेवर साडेतीन पानं. चष्म्याच्या दुकानात नोकरी असल्याचा एक फायदा, चहूबाजूंनी आरसे. स्वतःला सात बाजूंनी बघत सराव केला. सातही बाजूंनी नम्र दिसतो.

पाच मिनिटांत अकरा पानं बसतात. श्वास कमी घ्यावा लागतो एवढंच.

४ डिसेंबर, गुरुवार

ऑर्गन-आजी दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल. आमच्या चर्चचा ऑर्गन त्या बेचाळीस वर्षं वाजवतायत. दांडी आवळेपर्यंत पुन्हा तेच: मागच्या नाताळात सगळ्या म्हाताऱ्यांना भेटी मिळाल्या, माझीच शाल आली नाही.

आता काय बोलायचं? मी स्वतः दिली. नाताळबाबाचा लाल वेश, पोटाला उशी, दाढी. चष्मा खिशात, कारण दाढीमुळे वाफ धरते. पाळकबाईंची चिठ्ठी: 'तिसरा मजला, उजवीकडचं दार.' दार आजींच्या भाच्याने उघडलं. मी बसलो, चहा घेतला, दोन गोष्टी बोललो, त्याला रविवारी चर्चला यायचंही आमंत्रण दिलं. आजी आत झोपल्या असणार. हे मी त्यांना अतिशय प्रेमाने, मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, माझा भाचा चार वर्षांत इकडे फिरकला नाही.

भाच्याचं येणंसुद्धा विसरल्या! वाईट वाटलं. वय. पाळकबाईंना लगेच फोन करून कळवलं. काळजीपोटी.

७ डिसेंबर, रविवार. दुपारी

पान्हा.

साक्ष पान्हा देणार.

जेवण गेलं नाही.

७ डिसेंबर, संध्याकाळी ६

शांतपणे लिहितो. पान्हा म्हणजे तो प्लंबर. चोवीस वर्षांचा. मागच्या डिसेंबरात या शहरात आला आणि जानेवारीपासून चर्चला यायला लागला. 'पान्हा' हे नाव मी ठेवलंय, फक्त या वहीत. अजून वर्ष झालं नाही या माणसाला! गीतांच्या पुस्तकात नंबर शोधायला याला अर्धं गीत लागतं. गाताना एक सूर धरतो आणि शेवटपर्यंत तोच. आणि याला साक्ष!

पाळकबाईंचा लाडका. आजींचाही लाडका, कारण राहतो त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली. सगळ्या बायकांना याच्याबद्दल पान्हा फुटतो. पान्ह्याबद्दल पान्हा. (हे बरं जमलंय. पण सांगणार कोणाला?)

वर मला 'दादा' म्हणतो. वय दाखवायची काही गरज?

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.३०

संकल्प. आजपासून मत्सर बंद. पूर्ण बंद. मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही. नम्रतेवर साडेतीन पानं लिहिलेल्या माणसाला हे जड नाही.

८ डिसेंबर, सकाळी ९.४०

तो रस्त्यात दिसला. नवीन जॅकेट.

९ डिसेंबर, मंगळवार

जॅकेट नवीन नाही. धुतलेलं आहे. संकल्प आजपासून धरावा.

१० डिसेंबर, बुधवार. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

लेन्स घासायच्या मशीनला सतत पाणी लागतं. त्या पाण्याची नळीच फुटली. मालकांनी नेमकं त्यालाच बोलावलं. मी काउंटरवर, तो काउंटरखाली. वीस मिनिटांत काम झालं. जाताना माझी खुर्ची डगमगते हे त्याच्या लक्षात आलं, तिचाही स्क्रू आवळून दिला. न सांगता. अशाने माणूस लोकांच्या डोक्यावर बसतो. मालक दिवसभर त्याचेच गोडवे गात होते. मी इथे नऊ वर्षं आहे, माझं कौतुक एकदाच झालं आणि तेही मी रजेवर असताना.

विचारलं त्याला, साक्षीची तयारी कशी काय. म्हणाला, लिहिलं नाही काही, एकच गोष्ट सांगायचीय. मी मनात म्हटलं, वा! एकच गोष्ट! पाच मिनिटं पुरवणार कशी?

ही काळजी आहे. मत्सर वेगळा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुकानात भलताच गोंधळ. सोमवारी मी एका निवृत्त मास्तरांचा चष्मा घरपोच दिला होता. आज त्यांचा फोन: चष्मा आलाच नाही. शोधाशोध केली तर तो निघाला त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. मी तळमजला धरून मोजतो. इमारतीचा पहिला मजला म्हणजे जमिनीवरचा मजला, ही शास्त्रीय पद्धत आहे. लोक तळमजला सोडून मोजतात, त्याला मी काय करू? काकू चष्मा परत द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, कित्येक वर्षांनी सुईत दोरा ओवता आला. मास्तरांना दुसरा करून द्यावा लागला.

मालक म्हणाले, मोजायला शीक. धाकटीनेही तेच सुनावलं. म्हणाली, दादा, तू लिफ्टमध्येसुद्धा चुकतोस. एकूण जगच तळमजला सोडून बसलंय तर एकट्याने काय करायचं?

१४ डिसेंबर, रविवार

कमिटीची मीटिंग. विषय, ऑर्गन-आजी. पाळकबाई फार हळवेपणाने म्हणाल्या की हल्ली त्यांचं विसरणं वाढलंय, शालीचं प्रकरण तर आपण जाणतोच, नाताळच्या भरगच्च उपासनेत मध्येच चाल विसरल्या तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. पाळकसाहेबांनी विचारलं, वाजवताना कधी विसरल्यात का? कोणाला आठवेना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण शाल मी दिली होती. मी म्हणालो, तसं पाहिलं तर विसरणं हे विसरणंच.

ठरलं. यंदा ऑर्गन बंद. गीतांच्या चाली लॅपटॉपवरून स्पीकरवर. लॅपटॉप मी सांभाळणार. म्हणजे मंचावर नाही, पण मंचाच्या शेजारी मी असेन. साक्ष संपताच पुढची चाल माझ्या बोटाने सुरू होईल. नाही म्हटलं तरी महत्त्वाची जागा.

आजींना सांगायला पाळकसाहेब स्वतः गेले. आजी फक्त 'बरं' म्हणाल्या म्हणे.

१६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी

घरी आलो तर स्वयंपाकघरातल्या सिंकखालून दोन पाय बाहेर. पान्हा! आईने बोलावलं. तो नळ दोन वर्षं गळत होता आणि मी तो बदलणारच होतो, पुढच्या महिन्याच्या यादीत होता. आता त्या यादीतली मजाच गेली. आईने त्याला माझ्या कपात चहा दिला. माझ्या. नंतर म्हणाली, किती मन लावून ऐकतो रे पोरगा. म्हणजे काय, आम्ही ऐकत नाही? आई आणखीही काहीतरी म्हणाली, पण तोवर मी खोलीत गेलो होतो.

धाकटीचं निरीक्षण: मी 'तसं पाहिलं तर' फार वेळा म्हणतो. चूक. तसं पाहिलं तर क्वचितच.

१७ डिसेंबर, बुधवार

संकल्पाचा आढावा. दहा दिवसांत मत्सर न केलेले दिवस: दीड. (शनिवारी ताप होता.)

१९ डिसेंबर, शुक्रवार

मोठं मन केलं. पान्ह्याला दुकानाशेजारच्या चहावाल्याकडे बसवून माझी अकरा पानं दिली. म्हटलं, घे, यातलं काय हवं ते वापर. (वापरलं असतं तर लोकांना शैलीवरून कळलं असतंच.)

त्याने सगळी वाचली. सावकाश, ओठ हलवत. माझे दोन चहा झाले. मग पानं नीट जुळवून परत दिली. म्हणाला, छान आहे, दादा, पण यात तुम्ही कुठे दिसला नाहीत. आता हा मला साहित्य शिकवणार. मी विचारलं, बाकीच्या पोरांकडून तरी काही मुद्दे घेतलेस का? त्याने घेतले होते. एकाला नाताळ म्हणजे केक, एकीला नाताळ म्हणजे बोटीवरचा बाप दहा दिवसांसाठी घरी, एकाला नवीन बूट. ते ऐकून त्याला म्हणे फार बरं वाटलं. अकरा पानं वाचून बरं वाटलं नाही, बुटाने वाटलं!

मग जरा घुटमळला आणि विचारलं, एखादी वस्तू आपली नाही असा संशय असेल आणि वर्षभर वापरली असेल, तर परत करायला उशीर झाला का? नक्की कोणाचा पान्हा ढापला असणार. मी मोठ्या भावाच्या नात्याने समजावलं की उशीर कधीच नसतो, चारचौघांत कबूल कर, मन हलकं होतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तुम्ही म्हणता तर करतो.

उपदेश मला जमतो. हे पाळकसाहेबांना कधी कळणार?

२१ डिसेंबर, रविवार. रंगीत तालीम झाल्यावर

लॅपटॉप, स्पीकर, सगळं चोख. एकदाच गीताऐवजी माझ्या फोनची रिंगटोन वाजली, पण ती सुरात होती.

आजी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ऑर्गनवर कापड घातलंय. चाल स्पीकरवर सुरू झाली तेव्हा त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती. दहाही. एकेक सूर. स्पीकर दुसऱ्या कडव्यानंतर अडकला, बोटं अडकली नाहीत. मी बराच वेळ बघत होतो.

स्क्रीनच्या प्रकाशाने डोळ्यांत पाणी येतं. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

प्रार्थनेत पान्ह्याच्या घशाचा विषय काढला. घसा बसावा असं मागितलं नाही. देवाला फक्त सुचवलं की थंडी आहे.

२४ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ५

घसा ठणठणीत आहे. समोरच्या फुटपाथवरून शीळ घालत गेला.

तरी अकरा पानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवतोय. ऐनवेळी कोणाला काय होईल सांगता येत नाही. देवाला मार्ग मोकळा असावा. केस कापले. बुटांना पॉलिश. संकल्प: उद्या काहीही झालं तरी चेहरा प्रसन्न.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३

क्रमाने लिहितो.

चर्च गच्च भरलेलं. पाळकसाहेबांनी वाचन केलं: मेंढपाळ रानात कळप राखत होते आणि देवदूत आला. मग पान्ह्याचं नाव पुकारलं. तेच धुतलेलं जॅकेट. हातात कापडी पिशवी. कागद नाही. मी चेहरा प्रसन्न केला.

त्याने सांगितलं ते असं. मागच्या नाताळात तो या शहरात नवीन होता. आई जाऊन सहा आठवडे झाले होते. ओळखीचं कोणी नाही. नाताळच्या दुपारी दार वाजलं, तर बाहेर नाताळबाबा. एका बुटाची नाडी सुटलेली, धापा टाकतोय. हातात पार्सल दिलं आणि न विचारता आत येऊन बसला. तीन कप चहा प्यायला. पाऊण तास बोलला. बहुतेक स्वतःबद्दलच. चर्चमध्ये त्याला कसं डावलतात त्याबद्दल. दाढीतून दर दोन वाक्यांनी 'तसं पाहिलं तर', 'तसं पाहिलं तर'.

इथे सगळं चर्च हसलं. का हसले ते मला लगेच कळलं नाही. धाकटी तर बाकावर डोकं ठेवून हसत होती.

पान्हा हसला नाही. म्हणाला, त्या खोलीत मी राहायला आल्यापासून माझ्याशिवाय कोणाचा आवाज झाला नव्हता. मला तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस चुकून आलाय. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उठून गेला असता. मेंढपाळांनाही वाटलं असेल की देवदूताचं दार चुकलं. माझ्यासाठी नाताळ म्हणजे ती दुपार. जाताना तो म्हणाला, रविवारी चर्चला या. मी आलो.

मग त्याने पिशवीतून शाल काढली. जांभळी, कडेला पांढरी वेलबुट्टी. म्हणाला, ही त्या पार्सलात होती. चुकून मिळाली असेल तर दुसरं कोणीतरी वर्षभर हिची वाट बघत असेल. ज्याची असेल त्याने घ्यावी. उशीर झालाय, पण उशीर कधीच नसतो असं मला इथल्याच एका दादांनी सांगितलंय.

पाळकबाईंनी तोंडावर हात ठेवला. शाल त्यांनीच विणली होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाळकसाहेबांनीही. एकेक करत कमिटीने.

तळमजला, पहिला, दुसरा. मी मनात मोजलं. पुन्हा मोजलं. भाचा नव्हताच.

खरं लिहायचं तर तीन वाक्यं डोक्यात तयार होती. एकात चूक चिठ्ठीची होती, एकात इमारतीची, एकात दाढीची. बोट लॅपटॉपवर होतं. दाबलं असतं तर गीत सुरू होऊन सगळे उभे राहिले असते, आणि गाण्यात विषय गेला असता. हे मला एका क्षणात सुचलं, मी हुशार आहे.

पण तिसऱ्या रांगेत आजी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या कापड घातलेल्या ऑर्गनकडे बघत होत्या.

उभा राहिलो. आतल्या खिशातली अकरा पानं छातीला टोचली. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. म्हणालो:

"आजी विसरल्या नाहीत. मी चुकलो. मजला मीच चुकलो, आणि वर सगळ्यांना सांगत फिरलो की त्या विसरतात."

एवढंच. पाच मिनिटांतले दहा-बारा सेकंद. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब हळूच म्हणाले, बस बाळा. तिशीच्या माणसाला बाळा.

पाळकसाहेब खाली उतरले, ऑर्गनवरचं कापड काढून घडी केली आणि आजींसमोर हात पुढे केला. आजी उठल्या. जाताना पान्ह्याने शाल त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडेच, मला लोकर टोचते.

वर्षभर! वर्षभर ज्या शालीसाठी जीव घेतला ती टोचते!

मग वाजवायला बसल्या. चार गीतं, एक सूर इकडचा तिकडे नाही. लॅपटॉप मी बंद केला होता. सगळे गात होते. पान्हा एकाच सुरात. माझ्या घशाला काय झालं होतं कोण जाणे, मला गाता आलं नाही. माझीच प्रार्थना पत्ता चुकून माझ्याकडे आली असावी.

२५ डिसेंबर, संध्याकाळी ६

शांतपणे विचार केला. तसं पाहिलं तर यंदाच्या साक्षीचा विषय मीच होतो. पान्ह्याला चर्चमध्ये आणलं कोणी? मी. शाल परत करायला लावली कोणी? मी. नाव घेतलं नाही त्याने, हे मात्र खटकलं. आईला तसं बोललो. आई म्हणाली, तो पहिल्याच रविवारपासून तुझा आवाज ओळखून होता, सोळा तारखेला सिंकखालून मला त्याने सगळं सांगितलं, पण तू खोलीत निघून गेलास.

म्हणजे वर्षभर ओळखून होता. दादा, दादा म्हणत.

त्याला पान्हा म्हणायचं बंद करावं का? विचार करतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

ऑर्गन-आजींनी चहाला बोलावलं होतं. फोनवर बजावलं: तिसरा मजला, तळमजला सोडून. मला काय लहान समजतात? केकचा डबा घेतला. जिना चढताना मोठ्याने मोजत गेलो. तळमजला, त्याला शून्य. एक. दोन. मग तीन आलाच असं धरून उजवीकडचं दार वाजवलं.

दार त्याने उघडलं. खांद्यावर जांभळी शाल. हसला नाही, अजिबात नाही. वरच्या जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला,

"दादा, अजून एक."

मला माहीत होतं. मी त्यालाच बोलवायला थांबलो होतो. तसं त्याला सांगितलंही. तो चपला घालून आला आणि आम्ही दोघं वर गेलो.